गिटारला तारा सहाच असतात

पार्सल मिळालं. दोन मोटरी, वायरीची गुंडाळी, फुंकर मारली तर उडून जातील असले बारीक तुकडे, आणि तुझ्या बापासाठी दोन पानं भरून सूचना. मी खोका उलटा करून झटकला. माझ्यासाठी एक ओळ पडली नाही. एवढ्याशा स्क्रूला कापसात गुंडाळून पाठवतेस, आणि जिनं तुझे लंगोट धुतले तिला 'आजी, कशी आहेस' एवढं लिहायला तुझ्या पेनातली शाई आटते. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पत्रभर घशात काट्यासारखं टोचत राहील.

प्रिय भुंग्या,

आता रीतसर सुरुवात. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, दात तीन उरलेत, पण कान शाबूत आहेत. शेजारणीच्या घरात चमचा पडला तर स्टीलचा की पितळेचा ते मी इथून सांगते. कानांबद्दलच लिहायचं आहे. पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं म्हणशील. फोन तुझा बाप टेबलावर ठेवतो, आवाज पूर्ण मोठा करून, आणि स्वतः माझ्या तोंडाकडे बघत बसतो. त्याच्यासमोर मला हे बोलता येत नाही आणि त्याच्या माघारी मला तो फोन लावता येत नाही. म्हणून पेन्सिल घेतली. चौथीपर्यंत शिकले, त्यातलं एक वर्ष गोवरात गेलं, तेव्हा अक्षर बघून नाक मुरडू नकोस. दोन दिवस झाले लिहिते आहे. तो कामावर गेला की पानं काढते, यायच्या आधी पिठाच्या डब्याखाली सारते. गोष्ट तुम्हा दोघांच्या त्या गिटारच्या डब्याची आहे. त्या डब्यानं माणूस मरणार आहे. कधी ते मला माहीत नाही. त्यात हात तुझा आहे आणि जीभ माझी, म्हणून शेवटपर्यंत वाच, मधेच उठू नकोस.

तू जायच्या आदल्या दिवशी त्यानं तुझी गिटार लावायला घेतली होती, आठवतं ना. वाजवता त्याला कधीच आली नाही, पण तू आठ वर्षांची असल्यापासून दर रविवारी लावून द्यायचा तोच. लाकडाला कान टेकवायचा, खुंटी अर्धं बोट पिळायचा, की झालं. तुझे मास्तर म्हणायचे, यांच्या कानावर घड्याळ लावावं. त्या दिवशी तो बारीक तार पिळत बसला. तार वर चढत गेली, आणखी चढली, किंचाळायला लागली. तू आतून ओरडलीस, बाबा, बस, बस झालं. तो पिळतच होता. तू बाहेर आलीस, त्याच्यापुढे वाकलीस, तेवढ्यात तार तुटली आणि तुझ्या हनुवटीला चाटून गेली. रक्ताचे तीन थेंब आले असतील नसतील, पण तू चिडलीस आणि म्हणालीस, बहिरे झालात का? तो हसला. तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसलीस आणि विसरून गेलीस. मी त्याला त्या तुटलेल्या तारेचं वेटोळं करून शर्टाच्या खिशात ठेवताना बघितलं. अजून तिथंच असतं. शर्ट बदलला की तारही बदलून ठेवतो.

मग पंधरा दिवसांनी तुझाच फोन आला. बाबा, आपण एक यंत्र करू या, आपोआप गिटार लावणारं, तुम्ही तिकडे जोडायचं, मी इकडून प्रोग्राम पाठवीन, दोघांना छंद. तुला ते कामच आहे, दिवसभर यंत्रांच्या पोटात वायरी घालतेस, तुला त्यात काय वाटणार. पण तुझी आई गेल्यापासून मी या माणसाला इतका खूष बघितला नव्हता. जेवणाच्या टेबलावर डाग देऊन देऊन त्यानं भोकं पाडली. घरभर जळक्या राळेचा वास. कामावरून आला की हातपाय न धुता बसायचा. साबणाच्या वडीएवढा डबा, त्याला एक चकती, ती गिटारच्या अंगाला चिकटवायची. तार छेडली की चकती थरथरते आणि डबा मोजतो, तार सेकंदाला किती वेळा हलली. जाड तारेला ब्याऐंशी, तिच्या शेजारणीला एकशेदहा, असं सगळ्यांचं ठरलेलं. कमी भरलं की मोटर खुंटी आवळणार, जास्त भरलं की सैल सोडणार, आणि जमलं की हिरवा दिवा. माझं पाठ झालंय बघ. तुला हे शिकायला पुस्तकं लागली, मला नुसतं समोर बसावं लागलं.

समोर मला त्यानंच बसवलं. म्हणाला, आई, तू ऐक आणि सांग. मला वाटलं, म्हातारीला करमणूक. पहिल्या आठवड्यात डब्यानं जाड तारेचा पार बोजवारा उडवला. तार ब्याऐंशी वेळा हलायची आणि डब्याला दुप्पट ऐकू यायचं. मग तो आपला सैल करतोय, सैल करतोय, तार वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली तरी मोटर घुर्रर्र करून अजून सैल सोडतेय. तुझा बाप दिव्याकडे बघत बसलेला. मी म्हटलं, अरे मेल्या, तार गळ्यात पडेल आता, बंद कर. तेव्हा त्यानं बंद केली. तुला सांगितलं, तू काहीतरी बदललंस, मग जमलं. तू फोनवर हसून लोळत होतीस. मी हसले, तोही हसला. पण हसायला त्याला एक क्षण उशीर झाला. आधी त्यानं माझ्याकडे बघितलं, मी हसतेय का ते.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की तो विचारायचा, झाल्या का तीन? दाराची कडी वाजली की मी आधी मान वळवायची, मग तो उठायचा. माणूस म्हातारा होतो, कान जातात, त्यात लाजण्यासारखं काय. पण तुझ्या बापाचं पोट कानावर आहे, आणि नुसतं पोट नाही, सगळी अब्रू. तुला त्याचं काम 'सिलिंडरच्या गोदामात' एवढंच माहीत. नीट ऐक. दवाखान्यांतून आणि वेल्डिंगवाल्यांकडून रिकाम्या टाक्या परत येतात, हवा भरायच्या आधी त्या रांगेत उभ्या करतात. तुझा बाप प्रत्येकीला लहान हातोडीनं एक ठोका देतो. टाकी धड असेल तर घंटेसारखी वाजते. कुठे चीर असेल, आतून गंज खाल्ला असेल, तर बद्द आवाज येतो, ती बाजूला काढायची. बद्द टाकीत दाबानं हवा भरली तर ती फुटते, आणि फुटली की शेजारी उभा असलेल्याला गोळा करायला टोपली लागते. तिथं त्याला कानसेन म्हणतात. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून एक बद्द टाकी पुढे गेली नाही.

हा कान मी दिलाय त्याला. तुझ्या आजोबांची भट्टी होती तेव्हा कुंड्या आणि बरण्या मी विकायची. गिऱ्हाईक रंग बघतं, मी बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. तुझा बाप सात वर्षांचा असताना त्यानं एक चिरलेली बरणी धड म्हणून विकली, त्या बाईचं वर्षाचं लोणचं जमिनीवर गेलं. मी त्याला काही मारलं नाही. भट्टीतल्या सगळ्या कुंड्या अंगणात मांडल्या आणि म्हटलं, डोळे मीट आणि ठोक, संध्याकाळपर्यंत. तेव्हा सांगितलं होतं त्याला, आवाज उंच आहे की खालचा याच्याशी आपल्याला घेणं नाही. लहान कुंडी उंच बोलणार, मोठी खाली बोलणार, दोन जुळ्या कुंड्यासुद्धा एकसारखं बोलत नाहीत. आपण बघायचं, आवाज किती वेळ जगतो. धड भांड्याचा आवाज बोट काढल्यावरही चालू राहतो. चिरलेल्याचा जागीच मरतो. हे त्याला पाठ होतं. म्हणून मला जास्त राग येतो.

आता त्या सातव्या आकड्याकडे ये.

दोन महिन्यांपूर्वी तो गोदामातून पोत्यात घालून दोन टाक्या घेऊन आला, हातभर उंचीच्या, एक धड आणि एक बाद केलेली. परसात उभ्या केल्या आणि मला म्हणाला, आई, तुझा कान बघू अजून चालतो का, यातली धड कुठली? मी फुशारले. कुणाला नाही आवडत, सांग. ठोकून सांगितलं, ही खणखणीत, ही मेलेली. त्यानं धड टाकीला चकती लावली, मला परत ठोकायला लावलं आणि डब्यावरचा आकडा लिहून घेतला. तोच आकडा तुला पाठवला, आणि डब्यावर सहा बटणांच्या खाली सातवं बटण बसवलं. तुझा फोन आला. तू विचारलंस, बाबा, गिटारला तारा सहाच असतात, हा सातवा आकडा कशाचा? प्रश्न बरोबर होता. एरवी तुझं बोलणं मी सवयीनं ओठांत परत म्हणते, पण तेव्हा तो टेबलाच्या त्या बाजूला वाकून स्क्रू शोधत होता, माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. त्याला काहीच कळलं नाही. तुम्ही दोघं गप्प. आणि ती गप्प जागा मी भरली. मी म्हटलं, असू दे गं, त्याची हौस आहे, तुझं काय जातंय. तू म्हणालीस, बरं बाई. हे वाक्य माझं आहे, भुंग्या. दोन वर्षं मी त्याच्या वतीनं ऐकत आले, त्या दिवशी त्याच्या वतीनं बोललेही.

त्यानंतर आठ दिवसांनी त्यानं तुला मोबाइलवर लिहिलं, डबा फार कडक आहे, चांगल्यालाही लाल दाखवतो, जरा सूट दे. तू लिहिलंस, सूट दिली तर गिटार बेसूर होईल. त्यानं लिहिलं, फक्त सातव्याला दे. मला त्यानंच वाचून दाखवलं, कौतुकानं, पोरगी किती काळजीनं विचारते म्हणून. आणि तू दिलीस. शिकलेली ना तू? फक्त सातव्यालाच का, हे तुझ्या डोक्यात आलं नाही? गोदामातल्या टाक्या काही एका आवाजाच्या नसतात. प्रत्येक धड टाकी आपापल्या सुरात बोलत असणार, डबा लाल लाल करत असणार, आणि साहेब विचारत असणार, कानसेन, आज सगळ्याच टाक्या बाद कशा? म्हणून त्याला सूट हवी होती. तू दोन बटणं दाबलीस आणि दिलीस. मी तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. थोडा देते.

तेव्हा मात्र मला यातलं काही कळलं नव्हतं. मला रंगाऱ्यानं कळवलं, आणि त्यालाही कळलं नाही की त्यानं काय सांगितलं. रंगारी म्हणजे गोदामात टाक्यांना रंग देणारा, तुझ्या बापाच्या शेजारीच उभा असतो, दिवसभर बडबडतो आणि जेवणाच्या वेळी आपल्या घरावरून जातो. मागच्या बुधवारी तो दारातूनच ओरडत आला. मावशी, तुमच्या पोराचं काळीज वाघाचं आहे बरं का! म्हटलं, काय केलं? तर म्हणाला, भरताना एका टाकीच्या बुडाला चीर पडली, अशी शिट्टी मारली मावशी तिनं, अशी शिट्टी, कानठळ्या बसल्या, आम्ही सगळे झाडावरच्या माकडांसारखे पळालो. साहेब तर चप्पल सोडून पळाला. आणि कानसेन? दहा हातांवर, टाकीकडे पाठ करून, शांतपणे पुढची टाकी ठोकतोय! हाललासुद्धा नाही! मीच जाऊन कॉलर धरून ओढला, तेव्हा वळून बघितलं. नंतर वाल्व्ह बंद केला, टाकी निवली, देवाची कृपा. आता सगळे म्हणतात, कानसेनला मरणाचं भय नाही.

मी त्याला पाणी दिलं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, टाकी ठोकताना तो अजून कान टेकवतो का रे? रंगारी म्हणाला, छे, आता कुठे! आता डाव्या हातानं काहीतरी टाकीला लावतो, उजव्यानं ठोकतो आणि मुठीत बघतो. नवी पद्धत असेल. आम्ही चिडवतो त्याला, कानसेन, मुठीत बायकोचा फोटो आहे का? चीर पडलेली ती टाकी कुणी पास केली होती, ते मी विचारलं नाही. तिथं टाक्या पास करणारा माणूस एकच आहे.

तो गेल्यावर मी तुझ्या बापाच्या टेबलाशी गेले. गिटार भिंतीवर होती. खुंटी फिरवायची मोटर टेबलावर होती, तिची खुंटी पकडायची प्लास्टिकची वाटी तशीच बसवलेली. डबा नव्हता. मग आठवलं, दीड महिना झाला, दिवसा डबा कधीच टेबलावर नसतो. मोटर घरी ठेवून डबा कुठली गिटार लावायला जातो, सांग.

रविवारी मी खात्री केली. तो आंघोळीला गेला. डबा टेबलावर होता, सुट्टी त्यालाही. मी परसात गेले, त्या दोन टाक्या अजून तिथंच, कपडे वाळत घालायच्या काठीला टेकवलेल्या. धड टाकीला चकती लावली, सातवं बटण दाबलं, हातोडी मारली. टाकी छान बोलली, आवाज माझ्या हातात राहिला. हिरवा दिवा. मग मेलेल्या टाकीला लावली. ठोका दिला. बद्द. आवाज जागीच मेला, मातीच्या ढेकळासारखा. आणि डब्यानं थोडा विचार केला, आणि दिवा हिरवा. परत मारला. हिरवा. तिसऱ्यांदा मारला, हिरवा. तू त्याला उंच आणि खाली शिकवलंस, वरून सूट दिलीस. आवाज जगला की मेला ते त्याला शिकवलंच नाहीस, आणि तुला कुणी सांगितलंही नव्हतं. ज्याला माहीत होतं त्यानं सांगितलं नाही.

मी लोखंडावर चार वेळा हातोडी मारली होती, भुंग्या. शेजारीण खिडकीत आली, पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. न्हाणीघर दोन पावलांवर, दार फटीएवढं उघडं. तो डोकं पुसत बाहेर आला, मी हातात हातोडी घेऊन उभी, आणि मला म्हणाला, चहा टाकलास का?

मग मी बोलले. त्याच्या समोर उभी राहून, तोंड नीट उघडून, एकेक शब्द. त्याला माझे ओठ वाचता येतात, ते मला माहीत आहे आणि त्याला माहीत आहे की मला माहीत आहे. मी म्हटलं, मेलेल्या टाकीला हिरवा दाखवतो तुझा डबा. तो म्हणाला, ही टाकी वेगळ्या घाटाची आहे, आई, गोदामात बरोबर चालतो. मी म्हटलं, बुधवारी चालला का? त्यानं तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की त्याचं दुकान बंद, तुम्ही बाहेर कितीही दार ठोका. दुसऱ्या दिवशी मी डबा लपवला, तांदळाच्या पिंपात. त्यानं शोधला, सापडला नाही, काही न बोलता तसाच कामावर गेला. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. डब्याशिवाय तर तो हवेतच ठोके देणार, चेहरा गंभीर करून, आणि सगळ्या टाक्या पास. संध्याकाळपर्यंत मी रस्त्याकडे कान लावून बसले, गोदामाच्या बाजूनं काही ऐकू येतं का म्हणून. काही आलं नाही. तो आला, जेवला. मी डबा परत टेबलावर ठेवला. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि मला दुसरं काही सुचत नाही असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही.

साहेबाकडे का नाही गेले, असं विचारशील. गेले असते तर त्यानं मला खुर्ची दिली असती आणि तुमचा मुलगा किती धीराचा आहे ते सांगितलं असतं. बुधवारच्या धैर्याबद्दल तुझ्या बापाला मागच्या गोदामाचंही काम दिलंय. येत्या सोमवारपासून दवाखान्याची मोठी खेप येणार आहे, ती सगळी तोच ठोकणार. आणि मी सांगून त्याला काढलं तर तो आयुष्यभर चोरासारखा मान खाली घालून बसेल. स्वतः सांगितलं तर त्याला रंगाच्या बाजूला देतील, फाटकावर देतील, कुठेही देतील. पंचवीस वर्षं एक टाकी चुकली नाही त्याची, एवढा मान त्याला आहे. पण तो मान त्याच्या तोंडून गेला पाहिजे, माझ्या तोंडून नाही. शिवाय परवा त्यानं तुला लिहायला घेतलंय, मी मोबाइलच्या काचेवर वाचलं, असेच आणखी दोन डबे हवेत, सातव्या बटणाचे, मित्रांना गिटारसाठी. त्याचे मित्र मला ठाऊक आहेत. त्यातला एकही गिटार वाजवत नाही. मागच्या गोदामात त्याच्या हाताखाली दोन नवी माणसं येणार आहेत, त्यांना काय शिकवायचं याची त्याला चिंता आहे.

तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या नावानं लिहिलंय, पण वाचायचं त्यानं आहे. मी हातात दिलं तर घडी करून त्या तारेशेजारी खिशात ठेवील आणि तोंड फिरवील. तुझ्याकडून आलं तर त्याला वाचावंच लागेल, कारण हे सगळं त्यानं तुझ्यापासून लपवलंय, साहेबापासून नाही. तुझ्या हनुवटीवरच्या त्या तीन थेंबांपासून लपवलंय. पत्र शनिवारी तुला मिळेल. पानांचे फोटो काढ आणि सगळे त्याला पाठव, एकही गाळू नकोस, चोर म्हटलंय तेसुद्धा. दोन डब्यांना नाही म्हण. आणि त्याला कळू दे की मी रंगाऱ्याशी ठरवलंय, सोमवारी साडेसातला तो मला त्याच्या टेम्पोतून गोदामात नेणार आहे. रंगाऱ्याला वाटतंय म्हातारीला मुलाचं कौतुक बघायचंय. टाक्या भरतात त्या रांगेशेजारी, बुधवारी शिट्टी वाजली त्याच जागेवर, मी स्टूल टाकून बसणार. तुझ्या बापानं हिरवा दिवा बघून पास केलेली प्रत्येक टाकी माझ्यापासून हातभर अंतरावर भरतील. मी उठणार नाही. शिट्टी मला ऐकू येईल, पण या गुडघ्यांनी पळणं होणार नाही. मंगळवारी परत जाईन, बुधवारी परत. त्याचा डब्यावर केवढा विश्वास आहे ते एकदा बघू.

तू तिकडून धावत येऊ नकोस, फोन करून रडू नकोस, आणि मला समजवायला बसू नकोस. गिटारच्या सहा तारा डबा आता सुरेख लावतो, तेवढं काम तुम्हा दोघांचं चांगलं झालंय. सातवं बटण तेवढं उपटून टाका.

तुझीच, तीन दातांची आणि दोन कानांची,
आजी

उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझ्या बापानं द्यायचं, रविवारी, माझ्या तोंडाकडे बघून.